टपालातून शह

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या तळवड्याच्या घरी एक पोस्टकार्ड आले. पत्त्याच्या बाजूला माझे नाव होते. मजकुराच्या जागी मात्र ना मायना, ना ख्यालीखुशाली. नुसते आकडे होते : ५२५४, ५७५५. त्याखाली तारीख आणि सही. अण्णा नुकतेच चाकणहून पहिली पाळी करून आले होते. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले,

"काय रे, हे आकडे कसले? मटक्याच्या नादाला लागलास की काय?"

"नाही हो अण्णा, प्यादे आहे ते. राजापुढचे. दोन घरे पुढे आले आहे."

"प्यादे दोन घरे? आमच्यात प्यादे एकच घर चालते," असे म्हणून त्यांनी कार्ड माझ्या हाती दिले. त्यांचे समाधान झाले असे काही दिसले नाही.

कार्ड पाठवणारा माझा मित्र. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो शिकण्यासाठी सांगलीला गेला. सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी तेथे या खेळाची गोडी लावली. त्या हवेचा परिणाम माझ्या मित्रावर झाला आणि त्याने मला टपालाने डाव खेळण्याचे आव्हान दिले. अटी दोनच : पुस्तके पाहिलेली चालतील, पण मोबाईलमधल्या बुद्धिबळाच्या यंत्राला चाल विचारायची नाही. फोनवर हाच डाव अर्ध्या तासात संपला असता, मग एवढी कार्डे खर्चण्याचे कारण काय, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. त्याचे उत्तर मिळायला दिवाळी उलटावी लागली. ते उत्तर आणि त्या निमित्ताने हाती लागलेला एक जगप्रसिद्ध डाव वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या आकड्यांविषयी. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक द्यायचे, तसेच पांढऱ्याच्या बाजूकडून आडव्या ओळींनाही. म्हणजे प्रत्येक घराला दोन आकडी नाव मिळते. पांढऱ्याचा राजा ५१ वर उभा असतो आणि त्याच्या पुढचे प्यादे ५२ वर. ते ५४ वर गेले की चाल झाली ५२५४. निघाल्याचे घर आधी, पोचल्याचे नंतर. मोहऱ्याचे नावही लिहावे लागत नाही. रशियन माणसाला इंग्रजी येत नसेल आणि अमेरिकनाला रशियन येत नसेल, तरी आकडा दोघांनाही कळतो. म्हणून आंतरराष्ट्रीय टपाली सामन्यांत ही पद्धत रूढ झाली. कार्डावर प्रतिस्पर्ध्याची चाल पुन्हा लिहायची, तिचे उत्तर लिहायचे, कार्ड कधी मिळाले आणि उत्तर कधी टाकले त्या तारखा घालायच्या. साधारण नियम असा की, दहा चालींना विचारासाठी तीस दिवस. कार्ड प्रवासात असेल ते दिवस त्यात धरत नाहीत. समोरासमोरच्या खेळात मोहऱ्याला हात लावला की तो हलवावाच लागतो. टपाली खेळात मात्र घरच्या पटावर मोहरे हवे तितके हलवून पाहावेत, पुस्तके चाळावीत, रात्र रात्र विचार करावा. सारे क्षम्य असते. पण चाल एकदा पेटीत पडली की परत घेता येत नाही.

हा प्रकार आपल्या देशाला नवा नाही. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक संस्कृतावरून इंग्रजीत छापले गेले. त्यातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते. कारण आमच्या अण्णांना माहीत असलेला एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांचा देशी खेळ आणि साहेबांचा खेळ यांत फरक होता. पुढे १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्राने दोन डावांचा सामना झाला. रेल्वे नव्हती, तार नव्हती; चाल डाकेने जायची. मद्रासच्या गुलाम कासीम यांनी जेम्स कोक्रेन या मुलकी अधिकाऱ्याबरोबर १८२९ साली मद्रासमध्ये पुस्तक काढले. त्यात या सामन्याचे डाव आहेत आणि त्यांच्या जोडीला 'मुझियो' नावाच्या अत्यंत जहाल सुरुवातीची चिकित्सा आहे. या सुरुवातीत पांढरा आधी एक प्यादे देतो. मग काळ्याचे प्यादे त्याच्या घोड्यावर चालून येते, तरी तो घोडा हलवीत नाही; तो मरू देतो आणि तेवढ्या वेळात आपले बाकीचे सैन्य बाहेर काढतो. या सुरुवातीतील एक शाखा आजही जगभर गुलाम कासीमच्या नावाने ओळखली जाते.

युरोपात त्याच सुमारास, १८२४ ते १८२८ या काळात, लंडन आणि एडिंबरा या शहरांचा टपाली सामना झाला. एडिंबराने तो जिंकला आणि त्यातून एका सुरुवातीला 'स्कॉच' हे नाव पडले. पुढे एस्टोनियाच्या पॉल केरेस याला लहानपणी आपल्या गावी तोडीचे खेळाडू मिळेनात, तेव्हा त्याने टपालाचा आश्रय घेतला. एका वेळी दीडशेपर्यंत डाव तो टपालाने खेळत असे, आणि त्यांत मुद्दाम जहाल सुरुवाती निवडी. पुढे तो जगातल्या अग्रगण्य खेळाडूंत गणला गेला.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. टपाली खेळ म्हणजे सबुरीचा खेळ. मग त्यात या मोहरे उधळून देणाऱ्या सुरुवातींचे काम काय? सबुरीच्या माणसाने सावध खेळावे, धाडस उतावळ्यांनी करावे, अशी आपली समजूत. माझीही तीच होती, आणि तिच्यामुळेच मी हरलो.

आता आमचा डाव. पट जवळ असेल तर मांडून पाहावा. नसेल तरी हरकत नाही. मी पांढरा होतो. दोघांची राजापुढची प्यादी समोरासमोर आली. मग मी घोडा ६३ वर आणि उंट ३४ वर काढला. त्याने दोन्ही घोडे बाहेर काढले. चौथ्या चालीला मी घोडा ७५ वर पाठवला. नवशिक्याला ही चाल फार आवडते. कारण आता माझा घोडा व उंट दोघेही ६७ या घरावर टपलेले, आणि तेथल्या प्याद्याला खुद्द राजाखेरीज कोणाचाही जोर नाही. काळ्याने मध्ये ४५ वर प्यादे घालून उंटाची वाट अडवली; ते मी मारले. येथे सावध माणूस घोड्याने उंटाला हुसकावतो. माझ्या मित्राने २५ वर दुसरे प्यादे टाकले आणि त्याने उंटाला धरले. पुस्तकात पाहून मी उंट मुकाट्याने मूळच्या घरी, ६१ वर नेला. मग त्याचा घोडा ४४ वर थेट माझ्या मुलखात येऊन बसला. त्याच्यावर मी ३३ वरून प्यादे लावले. त्याने तिकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या घोड्याने ४५ वरचे प्यादे खाल्ले. मी घोडा ५४ वर घेतला, तर त्याचा वजीर ८४ वर आला. माझा घोडा आणखी मागे, ७३ वर. त्याचा उंट ७४ वर, माझ्या वजिरावर रोखलेला.

मध्ये एक कार्ड पंधरा दिवस आलेच नाही. मित्र हरण्याच्या भीतीने गप्प बसला, असे मी घरी जाहीरही करून टाकले. खरा प्रकार असा की, घाईत त्याने पत्त्यात नुसते 'तळवडे' लिहिले आणि पिनकोड विसरला. या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. एक तर थेट सावंतवाडी तालुक्यात. कार्ड बरेच शिक्के अंगावर घेऊन आले, तेव्हा मला माझे शब्द मागे घ्यावे लागले.

दहाव्या चालीला मी ६३ वर प्यादे टाकून त्याच्या उंटाला धरले. आता पाहा : त्याचा ४४ वरचा घोडा माझ्या प्याद्याच्या तोंडी, ७४ वरचा उंट दुसऱ्या प्याद्याच्या तोंडी. दोन्ही वाचवणे अशक्य. उत्तराचे कार्ड आले : ५५५४. त्याने दोहोंपैकी एकही वाचवला नव्हता. शांतपणे एक प्यादे पुढे सरकवले होते.

ते कार्ड घेऊन मी रात्री गच्चीत बसलो होतो. पलीकडे आय. टी. पार्कचे दिवे दिसत होते. मोबाईल खिशात होता, आणि त्यातल्या यंत्राने या चालीचे मर्म क्षणात सांगितले असते. मी तो बाहेर काढला नाही. याचा मला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. पण खरे सांगायचे तर त्या रात्री मी पटालाही फारसा हात लावला नाही. फुकटचा घोडा दिसत होता, तो घेतला आणि सकाळी कार्ड पेटीत टाकले. त्याने उत्तरादाखल आपला दुसरा उंट ४६ वर काढला. पहिला उंट अजून माझ्या प्याद्याच्या तोंडीच होता. तोही मी घेतला! दोन मोहरे खिशात आले, आता डाव आपलाच, असे मानून मी निर्धास्त झालो. पुढचे कार्ड : उंटाने ७३ वरचा घोडा मारून शह. तो उंट मी प्याद्याने मारला आणि त्या प्याद्यासरशी माझ्या हत्तीसमोरची रेषा उघडी पडली. त्याच्या वजिराने ८१ वरचा हत्ती गिळला. यानंतरही एखाद्या धिराच्या खेळाडूने डाव सावरला असता. माझा मात्र धीर सुटला, आणि आणखी चार-पाच कार्डांत मी हार लिहून पाठवली.

विचाराला माझ्याजवळ दिवस होते. मी मिनिटेही खर्च केली नव्हती.

मित्राचे शेवटचे कार्ड मात्र आकड्यांचे नव्हते. त्याने लिहिले होते की पहिल्या अकरा चालींत त्याची स्वतःची अशी एकही नाही. त्या सगळ्या त्याने एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर या डावातून घेतल्या होत्या. काळ्याची ती बाजू त्याने महिनाभर पटावर घोटली होती. पुस्तक चालेल असे आमचे ठरलेलेच होते, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. मी तो डाव मिळवून पटावर मांडला आणि मग खरा थक्क झालो.

पाचवी जागतिक टपाली अजिंक्यपद स्पर्धा १९६५ ते १९६८ या काळात झाली. मॉस्कोचा याकोव्ह एस्ट्रिन पांढरा, अमेरिकेचा हान्स बर्लिनर काळा. शीतयुद्धाचे दिवस, या दोन देशांमधून पत्रांची ने-आण होत डाव चालला होता. एस्ट्रिन हा या 'दोन घोड्यांच्या बचावा'चा नाणावलेला जाणकार आणि या सुरुवातीवर ग्रंथ लिहिणारा माणूस. अशा माणसाला त्याच्याच अंगणात गाठायचे म्हणजे वाघाच्या गुहेत शिरण्यासारखे. बर्लिनर शिरला, पण हात हलवीत नव्हे. ५५५४ ही ती नवी चाल त्याने एस्ट्रिनपुढे ठेवली.

एस्ट्रिनने माझ्यासारखी हाव धरली नाही. घोडा घेतल्यावर त्याने दुसरा उंट तसाच सोडला आणि आपल्या उंटाने २५ वरचे प्यादे मारून शह दिला. काळा राजा ४८ वर सरकला. त्याचा किल्लेकोट कायमचा गेला. एस्ट्रिनने मात्र किल्लेकोट करून घेतला. वरवर पाहता पांढरा राजा सुरक्षित आणि काळा उघड्यावर. पण काळ्याचे सगळे मोहरे पांढऱ्या राजाच्या दिशेने तोंड करून उभे होते. त्याने ६३ वर हत्ती मिळवला, वजिराने शह देऊन राजाला ८१ च्या कोपऱ्यात ढकलले, ७३ वरचा घोडा मारला. अठराव्या चालीला तर त्याने हत्ती २८ वरून २६ वर उचलला. हत्ती नुसता दोन घरे चालला. पण पुढे ८६ वर जाऊन तो कोपऱ्यातल्या राजाला मात करणार होता. पांढऱ्याने ४३ वर प्यादे सरकवून आपल्या उंटाची तिरकी वाट मोकळी केली, म्हणजे ८६ हे घर राखले जाईल. त्यावर बर्लिनरने घोडा ५३ वर टाकला. त्या एका घोड्याने उंटाची वाट बंद केली आणि वजिरालाही धरले. घोडा मारावाच लागला.

एवढ्या वादळानंतर मात होईल अशी आपली अपेक्षा असते. तसे झाले नाही. एस्ट्रिननेही अचूक बचाव केला. अठ्ठाविसाव्या चालीला वजीर मारले गेले आणि धूळ खाली बसली, तेव्हा काळ्याच्या हाती काय उरले? दोघांजवळ एकेक हत्ती, पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार. एवढ्या आतषबाजीची कमाई एक प्यादे! आणि मला या डावातला सर्वांत मोठा धडा यापुढच्या भागात दिसला. बर्लिनरने ते मिळवलेले प्यादेही ६७ वर परत देऊन टाकले. त्या मोबदल्यात त्याचा राजा स्वतः पायी निघाला : ५७ वरून ४६, ५५, ४४, मग ४३ वरचे प्यादे खाऊन थेट ३२ वर, पांढऱ्याच्या घरात. आरंभी जो मोहरे उधळीत होता, तोच शेवटी एकेका घराचा हिशेब करीत होता. बेचाळिसाव्या चालीला त्याचे प्यादे २३ वर पोचले आणि एस्ट्रिनने हार मान्य केली.

ज्यांना पटावर मांडून पाहायचे असेल त्यांच्यासाठी हा संपूर्ण डाव, कार्डावर लिहितात त्याच पद्धतीने. प्रत्येक जोडीत पहिली चाल पांढऱ्याची.

१) ५२५४, ५७५५. २) ७१६३, २८३६. ३) ६१३४, ७८६६. ४) ६३७५, ४७४५. ५) ५४४५, २७२५. ६) ३४६१, ३६४४. ७) ३२३३, ६६४५. ८) ७५५४, ४८८४. ९) ५४७३, ३८७४. १०) ६२६३, ५५५४. ११) ३३४४, ६८४६. १२) ६१२५, ५८४८. १३) ५१७१ (किल्लेकोट, राजाचीच चाल लिहितात), ५४६३. १४) ६१६३, १८२८. १५) २५५२, ७४६३. १६) ५२६३, ८४४४. १७) ७१८१, ४६७३. १८) ८२७३, २८२६. १९) ४२४३, ४५५३. २०) ३१५३, ४४५३. २१) ६३७४, ८७८५. २२) ७४८३, ७७७५. २३) २१४२, ७५७४. २४) ४२३४, ५३७३. २५) ३४२६, ७४८३. २६) ४१६३, ८३७२. २७) ६३७२, ७३७२. २८) ८१७२, ३७२६. २९) ११६१, ४८५७. ३०) ६१५१, ५७४६. ३१) ५१६१, ८८३८. ३२) ६१६७, ३८३७. ३३) ६७६२, ४६५५. ३४) १२१४, ५५४४. ३५) १४१५, ४४४३. ३६) ६२६३, ४३३२. ३७) २२२४, २६२५. ३८) १५१६, ३७३४. ३९) ६३६७, ३४२४. ४०) ६७२७, २४७४. ४१) ७२६३, २५२४. ४२) २७१७, २४२३, आणि पांढऱ्याची हार.

ही स्पर्धा बर्लिनरने सोळा डावांत चौदा गुण मिळवून जिंकली. बारा विजय, चार बरोबऱ्या, पराभव एकही नाही. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तो तीन गुणांनी पुढे होता. एस्ट्रिनही खचला नाही. १९७२ ते १९७६ या काळात झालेली सातवी स्पर्धा जिंकून तोही जगज्जेता झाला. पुढच्या अभ्यासकांनी पांढऱ्याच्या खेळात सुधारणा सुचवल्या, बर्लिनरने या सुरुवातीवर स्वतः पुस्तक लिहून आपली बाजू मांडली, आणि वाद पुढे चालू राहिला. जहाल सुरुवातीचे असेच असते; तिला प्रत्येक पिढी नव्याने तपासते.

याहून विलक्षण गोष्ट बर्लिनरच्या पुढील आयुष्यात घडली. कार्डावरच्या खेळाचा हा जगज्जेता पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ झाला. त्याने बॅकगॅमन खेळणारा एक कार्यक्रम तयार केला. त्या कार्यक्रमाने १९७९ साली मोंटे कार्लो येथे त्या खेळाच्या जगज्जेत्याला हरवले. 'हायटेक' हे बुद्धिबळ खेळणारे यंत्रही त्याच्याच मार्गदर्शनाखाली घडले. २०१७ साली तो वारला. आज आंतरराष्ट्रीय टपाली स्पर्धा कार्डांऐवजी संगणकाच्या जाळ्यावर चालतात, त्यांत यंत्राची मदत घेण्यास मुभा आहे, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. दोन्हीकडे अचूक यंत्रे असतील तर कोण कोणाला हरवणार? ज्या माणसाने कार्डावरचा हा खेळ कळसाला नेला, त्याच माणसाने तो खेळ ज्याने पालटला त्या यंत्राच्या जडणघडणीला हात लावला.

मग आम्ही दोघांनी यंत्र दूर ठेवून काय साधले? चाल बरोबर की चूक हे यंत्राने मला सांगितले असते, हे खरेच. पण ५५५४ चा आकडा पाहून जी भीती वाटायला हवी होती, ती यंत्राने शिकवली नसती. बर्लिनरचे धाडस आणि माझी हाव या दोन्ही गोष्टी पटावर सारख्याच दिसतात; दोघेही मोहरे खाण्या-देण्यात गुंतलेले. फरक एवढाच की, त्याने पेटीत चाल टाकण्याआधी ती शंभरदा खेळून पाहिली होती. धाडस हा उतावळ्यांचा गुण आहे ही माझी समजूत या डावाने खोडून काढली. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना यातून काय घ्यायचे ते घेता येईल. उपदेश करण्याचा अधिकार हरलेल्या माणसाला नाही.

आमचा दुसरा डाव आता सुरू झाला आहे. या वेळी काळे मोहरे माझ्याकडे आहेत, आणि मित्र पिनकोड विसरत नाही. अण्णांना आकड्यांची पद्धत मी समजावून सांगितली. प्याद्याने दोन घरे चालावे हे त्यांना अजून पटलेले नाही, पण पाळीवरून आले की हातपाय धुण्याआधी ते विचारतात, "काय रे, आज कोणता आकडा आला?"